फुगणाऱ्या पॉलिस्टायरिन मण्यांची निर्मिती आणि नगर जिल्ह्यातील मळी : एक ऐतिहासिक विचार

सहकारी साखर कारखानदारीच्या आरंभीच्या काळापासून आपल्याकडे एक विधान वारंवार केले जात आले आहे. उसाच्या मळीतून मद्यार्क, मद्यार्कातून एथिलीन आणि एथिलिनातून प्लास्टिक निर्माण होते. तेव्हा जेथे ऊस आहे तेथे प्लास्टिकचा कच्चा माल आहे, असा त्याचा आशय. हे विधान खोटे नाही. परंतु ते कितपत खरे आहे, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत निबंधात एकच पदार्थ घेऊन तो हिशेब मांडण्याचा विचार आहे. हा पदार्थ म्हणजे ज्यास बाजारात थर्मोकोल म्हणतात त्याचा मूळ मणी : साखरेच्या दाण्याएवढा, कठीण, अर्धपारदर्शक, आणि वाफ लागताच चाळीस-पन्नास पट फुगणारा.

नगर जिल्ह्याची निवड करण्याचे कारण उघड आहे. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले आहे, ऐतिहासिक विवेचनाच्या सोयीसाठी येथे जुने नाव ठेवले आहे.) महाराष्ट्रातील साखर उद्योगाचा इतिहास मोठ्या प्रमाणावर याच जिल्ह्याच्या कालव्यांकाठी घडला. प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. दारणेचे धरण व गोदावरीचे कालवे यांनी कोपरगावकडील जमीन ओलिताखाली आणली. त्या पाण्यावर हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९३३ मध्ये महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी स्थापिलेल्या महाराष्ट्र शुगर मिल्सचा कारखाना टिळकनगर येथे निघाला. १९३९ मध्ये करमशीभाई सोमैया यांची गोदावरी शुगर मिल्स साकरवाडीस आली. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. यांपैकी प्रत्येक ठिकाणी साखरेबरोबर एक नकोशी वस्तू निर्माण होत असे, ती म्हणजे मळी. टनभर ऊस गाळला असता सुमारे ४० ते ४५ किलोग्रॅम मळी उरते. ती साठवणे जिकिरीचे, वाहून नेणे खर्चाचे आणि ओढ्यात सोडणे गावास तापदायक.

मुंबई राज्यातील परिस्थितीने हा प्रश्न अधिक टोकदार केला. मळी आंबवून मद्यार्क करावा हा सर्वांत सोपा मार्ग. परंतु मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. पिण्याच्या मद्याचे दार असे बंद झाल्यावर मद्यार्कास दोनच वाटा उरल्या. पेट्रोलात मिसळणे ही एक. त्यासाठी १९४८ चा शक्ती-मद्यार्काचा केंद्रीय कायदा होता. दुसरी वाट रसायन उद्योगाची. दारूबंदीच्या नैतिक बाजूविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु औद्योगिक मद्यार्काच्या प्रश्नाकडे या राज्यात इतक्या गांभीर्याने पाहिले गेले, त्यामागे तिचाही हात होता, असे या लेखकास वाटते.

आता मण्याकडे वळू. स्टायरिनाची ओळख रसायनशास्त्रास १८३९ मध्ये झाली. बर्लिनचे औषधविक्रेते एडुआर्ट सिमोन यांनी स्टोरॅक्स नावाच्या सुगंधी राळेतून एक तेलकट द्रव वेगळा काढला. काही काळ ठेवल्यावर तो घट्ट झाला. त्याचे ऑक्सिजनाशी संयोग होऊन ऑक्साइड झाले, असे सिमोन समजले. १८४५ मध्ये ब्लाइथ व होफमान यांनी दाखवून दिले की घट्ट झालेल्या पदार्थाचे घटक मूळ द्रवाचेच आहेत. बाहेरून काहीही आलेले नाही. लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन अतिदीर्घ साखळ्या बनतात, हा उलगडा हेर्मान श्टाउडिंगर यांच्या १९२० च्या निबंधापासून होऊ लागला, आणि त्यात दिलेल्या उदाहरणांत पॉलिस्टायरिन होते. सुमारे दहा वर्षांनी जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे त्याचे कारखानी उत्पादन सुरू झाले. एकवारिकापासून बहुवारिक बनण्याची कथा येथे फारशी लांबविण्याचे कारण नाही. आपला प्रश्न त्याच्या फुगण्याचा आहे.

फुगण्याची क्रिया समजण्यासाठी मराठी वाचकास दूर जावयास नको. ज्वारीची लाही हे तिचे उत्तम उदाहरण होय. दाण्याच्या आत थोडे पाणी असते. तापलेल्या कढईत त्याची वाफ होऊ पाहते, परंतु टणक टरफल तिला कोंडून धरते. आतील पिष्ट मऊ होते, दाब वाढतो, टरफल फुटते आणि मऊ पिष्ट फेसासारखे फुलून तत्क्षणी थिजते. फार वाळलेल्या जुन्या ज्वारीच्या लाह्या फुटत नाहीत, गणंग राहतात, हे घरोघरी ठाऊक आहे. म्हणजे फुगण्यास तीन गोष्टी लागतात : आत कोंडलेले व उष्णतेने वायू होणारे द्रव्य, त्याच वेळी मऊ होणारी भिंत, आणि फुगून झाल्यावर त्या भिंतीचे वेळेवर घट्ट होणे. पॉलिस्टायरिनाच्या मण्यात पाण्याचे काम पेंटेन करते. लाहीच्या उपमेस एक मर्यादा आहे. लाहीत दाब एकदम मोकळा होतो व दाणा फुटतो. मणी फुटत नाही, तो सावकाश आणि सर्व अंगांनी सारखा वाढतो.

पॉलिस्टायरिनाचा फेस करण्याची कल्पना पेंटेनाच्या मण्याहून जुनी आहे. स्वीडनचे कार्ल मुन्टेर्स व त्यांचे सहकारी टांडबेर्ग यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभीच तिचे एकस्व मागितले होते. अमेरिकेत डाऊ कंपनीत रे मॅकिन्टायर यांना १९४१ च्या सुमारास तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने सापडली, आणि युद्धकाळात तरंगणाऱ्या तराफ्यांसाठी तो फेस वापरला गेला. परंतु या पद्धतीत वितळलेले बहुवारिक व फुगवणारे द्रव्य दाबाखाली एकत्र करून एका फटीतून बाहेर सोडावे लागे, आणि तेथेच, त्याच क्षणी, फेस तयार होई. फेस जेथे करावयाचा तेथेच सर्व अवजड यंत्रसामग्री हवी. त्यातून लाद्या मिळत. हव्या त्या आकाराचा साचा भरता येत नसे.

ही अडचण बी.ए.एस.एफ. कंपनीचे फ्रित्स श्टास्टनी यांनी दूर केली. १९४९ च्या सुमारास ते स्टायरिनात कमी तापमानास उकळणारे हायड्रोकार्बन मिसळून त्याचे बहुवारिकीकरण करीत होते. एक नमुना तापविण्याच्या कपाटात राहून गेला आणि डबीचे झाकण डोक्यावर घेऊन फेसाचा खांब वर आला, अशी हकीकत सांगतात. शोधांच्या अशा हकीकती थोड्या सावधपणेच घ्याव्यात. पुढील गोष्टी मात्र निश्चित आहेत : १९५० मध्ये एकस्वाचा अर्ज झाला, आणि १९५२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या प्लास्टिक प्रदर्शनात हे मणी स्टायरोपोर या नावाने जगापुढे आले.

या शोधाचे ऐतिहासिक महत्त्व माझ्या मते फेसात नाही. फेस आधी होताच. फुगवणारे द्रव्य मण्यात कोंडून ठेवता येते, म्हणून बहुवारिक करण्याचे काम आणि ते फुगविण्याचे काम ही दोन्ही स्थळाने व काळाने वेगळी करता येतात, ही खरी नवी गोष्ट होय. मणी घट्ट व जड असतात. घनमीटरभर जागेत सुमारे ६०० किलोग्रॅम मावतात. फुगलेला पदार्थ त्याच जागेत १५ ते २० किलोग्रॅम भरतो, म्हणजे त्याची वाहतूक ही मुख्यतः हवेची वाहतूक असते. त्यामुळे मणी करणारे मोठे कारखाने बंदराजवळ असावेत, आणि फुगविण्याचे काम बाष्पक, साचे व पाणी एवढ्या भांडवलावर गिऱ्हाइकाच्या दारी व्हावे, अशी श्रमविभागणी सर्व जगात झाली. नगरसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात हा पदार्थ स्वस्त मिळतो, यामागे हीच विभागणी आहे.

निर्मितीची कृती थोडक्यात अशी. मोठ्या, ढवळण्याची सोय असलेल्या बंद पात्रात पाणी घेऊन त्यात स्टायरिन सोडतात. दोन्ही मिसळत नाहीत. ढवळण्याने स्टायरिनाचे थेंब होतात. हे थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून ट्रायकॅल्शियम फॉस्फेटासारखी बारीक पूड किंवा पॉलिव्हिनिल अल्कोहोल पाण्यात घालतात. थेंबांत बेंझॉइल पेरॉक्साइड विरघळलेले असते. तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअसवर गेले की ते फुटून साखळ्या जुळण्यास आरंभ होतो आणि थेंब हळूहळू चिकट, मग घट्ट होतात. याच अवस्थेत सर्वाधिक दक्षता लागते. थेंब चिकट असताना ढवळणे थांबले किंवा पूड कमी पडली, तर सर्व माल एका गोळ्यात रूपांतरित होऊन पात्र निकामी होते. पाण्याचे दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे, कारण साखळ्या जुळताना पुष्कळ उष्णता बाहेर पडते. थेंब पुरेसे घट्ट झाले की दाबाखाली पेंटेन आत सोडतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मण्यांत मात्र शिरते. मग तापमान ११५ ते १३० अंशांपर्यंत नेऊन, त्या तापमानास फुटणाऱ्या दुसऱ्या पेरॉक्साइडाच्या साहाय्याने उरलेले स्टायरिन संपवितात. शेवटी पात्र थंड करून मणी पाण्यापासून वेगळे करतात, सुकवितात, चाळतात, आणि एकमेकांस चिकटू नयेत म्हणून त्यांवर झिंक स्टिअरेटासारख्या द्रव्याचा पातळ लेप देतात. काही कारखान्यांत मणी आधी तयार करून, चाळून, मग वेगळ्या पात्रात त्यांत पेंटेन भरतात. तेथे हव्या त्याच आकाराचे मणी निवडून घेता येतात, मात्र काम दुप्पट होते.

तयार मण्यात वजनाने ४ ते ७ टक्के पेंटेन असते. पेंटेनच का, या प्रश्नाचे उत्तर मोठे सूचक आहे. साधे पेंटेन ३६ अंशांस उकळते, त्याचा आयसो प्रकार २८ अंशांस. ब्युटेन घेतले तर ते मण्यातून लवकर निसटते. हेक्झेन घेतले तर ते आतच रेंगाळते आणि फेसाची भिंत नरम ठेवते. पॉलिस्टायरिन सुमारे १०० अंशांस मऊ होते. आत विरघळलेले पेंटेन हा बिंदू आणखी खाली आणते. म्हणून साध्या वाफेच्या तापमानास भिंतही मऊ होते व आतला दाबही पुरेसा असतो. वाफ केवळ उष्णता देते असेही नाही. ती मण्यात शिरून फुगविण्यास हातभार लावते.

फुगविणे दोन टप्प्यांत होते. पहिल्यात सुटे मणी वाफेवर फुगवितात. थंड होताच आतील वाफ व पेंटेन द्रवरूप होऊन पोकळ्यांत निर्वात निर्माण होतो. असा मणी बोटाने दाबला असता चेपतो. म्हणून जाळीदार पिंपात तो अर्ध्या दिवसापासून दोन दिवसांपर्यंत मुरवितात, आणि तेवढ्यात बाहेरची हवा आत शिरते. दुसऱ्या टप्प्यात मुरलेले मणी साच्यात भरून पुन्हा वाफ देतात. आता पसरण्यास जागा नसल्याने ते परस्परांस चिकटतात व साच्याचा आकार घेतात. थर्मोकोलचा तुकडा मोडला असता दिसणारे बहुकोनी दाणे ते हेच. फेसाच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवा असते. पेंटेन तोवर बहुतेक निघून गेलेले असते व पुढील काही आठवड्यांत उरलेलेही जाते.

वैशाखात पत्र्याच्या छपराखाली मण्यांची पोती फार दिवस ठेवली, तर पेंटेन उडून जाते व मणी गणंग ज्वारीसारखे होतात. शिवाय पेंटेनाची वाफ हवेच्या अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की ठिणगीने पेट घेते. मालाची नासाडी व आग ही दोन्ही संकटे एकाच निसटणाऱ्या द्रव्यामुळे येतात. गोदामाच्या व्यवस्थेत याचा विसर पडून चालत नाही.

भारतात पॉलिस्टायरिनाचे उत्पादन प्रथम १९५७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे किलाचंद घराण्याच्या पॉलिकेम कंपनीने सुरू केले. प्रारंभी स्टायरिन परदेशातून येई. पुढे मद्यार्कापासून मिळविलेल्या एथिलिनाच्या आधारे ते येथेच होऊ लागले. कंपनीची आसवनी नीरेजवळ निंबूत येथे, म्हणजे नीरा कालव्याच्या ऊसपट्ट्यात होती. नगर जिल्ह्यातील मळी थेट चेंबूरला गेली, असा दावा येथे करावयाचा नाही. नीरा व प्रवरा या एकाच प्रकारच्या कालवा-अर्थव्यवस्थेच्या दोन शाखा आहेत, आणि एकीत जे सिद्ध झाले त्यावर दुसरीच्या आशा उभ्या होत्या, एवढेच म्हणावयाचे आहे. १९५९ मध्ये बंगालमध्ये रिश्रा येथे मद्यार्कापासून पॉलिएथिलीन, आणि १९६० च्या दशकात बरेलीस मद्यार्कापासून कृत्रिम रबर होऊ लागले. याच दशकात ठाणे येथे बी.ए.एस.एफ. समूहाच्या कारखान्यात फुगणारे मणी तयार होऊ लागले. थर्मोकोल हे मुळात व्यापारी नाव. ते इतके रूढ झाले की मूळ पदार्थाचे नाव आता फक्त पोत्यावर वाचावयास मिळते.

आता हिशेब. मद्यार्काच्या ४६ भारांपासून एथिलिनाचे २८ भार मिळतात. उरलेले १८ भार पाणी होय. म्हणजे उत्प्रेरकावरून मद्यार्क जाताच त्याचे जवळजवळ ४० टक्के वजन पाण्यावाटे जाते. हे एथिलीन बेंझिनाशी जोडून एथिलबेंझीन करतात, आणि सुमारे ६०० अंशांस, लोहाच्या ऑक्साइडावरून वाफेबरोबर नेऊन त्यातून हायड्रोजन काढून घेतात. राहते ते स्टायरिन. स्टायरिनाच्या रेणूत कार्बनाचे आठ अणू असतात. त्यांपैकी सहा बेंझिनाचे, दोन मद्यार्काचे. बेंझीन पूर्वी दगडी कोळशाच्या डांबरातून येई, नंतर खनिज तेलातून. उसातून ते कधीच आले नाही. पेंटेन तर खनिज तेलाच्या हलक्या भागातूनच मिळते.

एक टन मणी घेतले व त्यांत ६ टक्के पेंटेन धरले, तर पॉलिस्टायरिन ९४० किलोग्रॅम. त्यासाठी सैद्धांतिक प्रमाणाने मद्यार्क सुमारे ४१५ किलोग्रॅम, म्हणजे सव्वापाचशे लिटर लागेल. टनभर मळीपासून २३० लिटर मद्यार्क धरल्यास मळी सुमारे २.३ टन, आणि ऊस सुमारे ५० टन. प्रत्यक्षातील घट धरता आकडा याहून मोठा होईल. एक टन मण्यांचा घनमीटरास २० किलोग्रॅम वजनाचा फेस केला, तर तो जवळजवळ ५० घनमीटर भरेल. थोडक्यात, एक टन उसाच्या मळीमागे एक घनमीटर थर्मोकोल. परंतु त्या घनमीटरातील कार्बनापैकी उसाचा वाटा चौथ्या हिश्श्याहूनही थोडा कमीच राहतो. “उसापासून प्लास्टिक” या विधानाची या पदार्थापुरती किंमत एवढी आहे. पॉलिएथिलिनाच्या बाबतीत तेच विधान पूर्ण खरे ठरले असते, ही गोष्ट त्या वेळच्या उत्साहात वेगळी काढून पाहिली गेली नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तुर्भे व ठाणे-बेलापूर परिसरात नाफ्थ्यापासून एथिलीन करणारे कारखाने सुरू झाले आणि मद्यार्काच्या एथिलिनास स्वस्त प्रतिस्पर्धी मिळाला. त्यावर बहुतेक लेखक थांबतात : खनिज तेल स्वस्त, म्हणून मद्यार्क हरला. हे कारण अपुरे आहे असे मला वाटते. १९७३ नंतर तेल महागले, तरी मद्यार्काची वाट पुन्हा रुंद झाली नाही. मळीची किंमत व वाटप १९६१ च्या आदेशान्वये सरकारच्या हाती होते व ते १९९३ पर्यंत राहिले. मद्यार्कावरील राज्यांच्या आकारणीचा वाद तर दीर्घकाळ न्यायालयात चालला. २५ ऑक्टोबर १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने औद्योगिक मद्यार्क राज्यांच्या अधिकाराबाहेर ठेवला. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय फिरविला. ज्या कच्च्या मालाचा पुरवठा पावसावर, भाव आदेशावर आणि कर निकालावर अवलंबून, त्यावर वर्षाचे ३६५ दिवस चालणारे रासायनिक पात्र कोण उभारील? रासायनिक अडचण चतुर्थांशाची होती. व्यवस्थेची अडचण त्याहून मोठी होती.

नगर जिल्ह्यातील मद्यार्काने पुढे दुसरे मार्ग शोधले. साकरवाडीस मद्यार्कापासून एथिल ॲसिटेट व तत्सम रसायने करण्याचा उद्योग वाढला आणि टिकला. जेथे मद्यार्कातील ऑक्सिजन पाण्यावाटे फेकून द्यावा लागत नाही, तो उत्पादनातच राहतो, अशी ही रसायने आहेत. एथिलिनाच्या वाटेपेक्षा ही वाट मद्यार्काच्या स्वभावास अधिक मानवणारी, हे वरील हिशेबावरून ध्यानी येईल. २००३ पासून पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, आणि आज मळीच्या मद्यार्काचे मोठे गिऱ्हाईक तेच आहे. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ आमडोशी येथे १९९५ मध्ये पॉलिस्टायरिनाचा मोठा कारखाना सुरू झाला व कालांतराने तेथे फुगणारे मणीही होऊ लागले. त्यास लागणारे स्टायरिन समुद्रमार्गे परदेशांतून येत आले आहे.

फुगवणाऱ्या द्रव्याविषयी एक गोष्ट राहिली. १९८७ च्या माँट्रिअल कराराने ओझोन थरास घातक अशा क्लोरिनयुक्त द्रव्यांवर नियंत्रण आणले, तेव्हा फटीतून फेस काढणाऱ्या कारखान्यांना द्रव्ये बदलावी लागली. मण्यांच्या उद्योगास तशी पाळी आली नाही, कारण पेंटेनात क्लोरीन नाही. तथापि आगीस प्रतिकार करणाऱ्या मण्यांत घातले जाणारे हेक्झाब्रोमोसायक्लोडोडेकेन २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या वर्ज्य यादीत आले. पेंटेन उडून जाते, परंतु पॉलिस्टायरिनाची साखळी मातीत कुजत नाही. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने काढलेल्या अधिसूचनेने थर्मोकोलची ताटे, पेले व सजावटीचे साहित्य यांवर बंदी घातली, आणि तिच्या नावातच प्लास्टिकच्या जोडीला थर्मोकोल हा शब्द आहे. शीतगृहाच्या भिंतीतील लादी व यंत्राभोवतीचे वेष्टन यांचा प्रश्न ताटापेल्यांहून निराळा आहे. तेथील थर्मोकोल वर्षानुवर्षे जागचा हलत नाही, किंवा एका जागी गोळा करता येतो. गोळा केल्यावर मात्र पुन्हा तीच जुनी अडचण उभी राहते : ट्रकभर माल, आणि त्यात ९८ टक्के हवा.